धापा टाकणारे यंत्र आणि सोवळी समीक्षा

साहित्याच्या वर्तुळात एक मत इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला कोणी पुरावाच मागत नाही. ते असे : संगणकावर खेळ खेळणे हा वेळेचा अपव्यय, आणि तो खेळ अधिक चांगला चालावा म्हणून यंत्र उघडून त्यात डोके घालून बसणे हा तर अपव्ययाचाही अपव्यय. चर्चासत्राच्या मधल्या सुट्टीत, चहाचा कप हातात असताना, हे मत हमखास कानी पडते. आणि ते ऐकवणारे बहुधा तेच असतात, ज्यांनी सकाळच्या सत्रात ‘मराठी आणि तंत्रज्ञान’ या विषयावर निबंध वाचलेला असतो. आम्ही अलिबाग ते मुरुड या पट्ट्यात मराठी शिकवणारी दोन-तीन माणसे आहोत. या मताशी आमचे भांडण आहे, आणि ते सौम्य शब्दांत मांडण्याची आमची इच्छा नाही.

भांडणाचा विषय खेळ चांगले की वाईट हा नव्हे. तो वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी निदान ऑनलाइन रमीत घर धुऊन घेणारा माणूस आणि काउंटर-स्ट्राइकच्या एका डावासाठी चार मित्रांची वाट पाहणारा मुलगा यांच्यातला फरक आधी समजून घ्यावा. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्यालाही हा फरक कळला. त्याने पैशांचे खेळ एका बाजूला काढले आणि ई-स्पोर्ट्स दुसऱ्या. मराठीच्या प्राध्यापकाला तो कळू नये असे नाही. तो कळून घेण्याचे कष्ट नकोत, एवढेच.

आमचा मुद्दा वेगळा आहे. जुना डेस्कटॉप खेळासाठी नीट जुळवून घेणे ही एक विश्लेषणाची रीत आहे. ती आमच्या वर्गातल्या मागच्या बाकांवर राबते आहे. आणि मराठी समीक्षेने तिच्याकडे सोवळ्यातून पाहिल्यामुळे तिला मराठी गद्य मिळालेले नाही. त्या रिकाम्या जागेत जाहिरातीचे गद्य शिरले आहे. त्याचा भुर्दंड रोख रकमेत भरावा लागतो, आणि तो भरणाऱ्यांच्या घरी रोख रक्कम फार नसते.

प्रथम ते यंत्र कसे असते ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या सहकाऱ्यांच्या कल्पनेत ‘गेमिंग’ म्हटले की रंगीत दिवे लावलेली लाखभराची पेटी उभी राहते. किनाऱ्यावरच्या गावांत आढळते ती पेटी बहुधा आठ-दहा वर्षांची. मूळ कोणा कार्यालयातून निघालेली, आठ जीबी रॅमची एकच पट्टी असलेली, आणि जिचे ग्राफिक्स कार्ड कोणी तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्यात घेऊन मांडव्याच्या बोटीने पिशवीतून आणलेले. या पेटीवर २००६ साली आलेला ‘क्रिकेट ०७’ झकास चालतो. २०१५ मध्ये संगणकावर आलेला ‘जीटीए ५’ मोठ्या मिनतवारीने चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ चालेल की नाही, हा त्या पेटीच्या मालकाच्या दृष्टीने संशोधनाचा प्रश्न असतो. ‘संशोधन’ हा शब्द आम्ही उपहासाने वापरलेला नाही.

कारण पहा. पडद्यावरचे हलते दृश्य म्हणजे एकामागून एक काढली जाणारी स्थिर चित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ७. आता अशी कल्पना करा की एका सेकंदात पहिली ५९ चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत निघाली आणि साठाव्याला ४१० मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर हजार. सरासरी ६०. कागदावर यंत्र उत्तम ठरले. प्रत्यक्षात खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जग जवळजवळ अर्धा सेकंद गोठले, आणि तेवढ्यात तो मारला गेला. म्हणून जाणता खेळाडू सरासरीवर विश्वास ठेवत नाही. तो सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेग पाहतो, आणि प्रत्येक चित्राला किती वेळ लागला याचा आलेख पाहतो.

हे साहित्याच्या माणसाला अनोळखी वाटायला नको होते. मात्रांची एकूण बेरीज जुळूनही यती चुकली तर ओळ अडखळते, हे आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दाखवतो. लय सरासरीत सापडत नाही, ती दोन आघातांमधल्या अंतरांच्या सारखेपणात असते. आमच्या एका विद्यार्थ्याला वृत्तांत रस नव्हता. त्याच्याशी चित्रांमधल्या अंतराविषयी बोलणे झाल्यावर त्याने आपण होऊन विचारले, की मग यती म्हणजे ठरवून दिलेला थांबा आणि अडखळणे म्हणजे न ठरवलेला, असेच ना? छंदःशास्त्रावर याहून नेमका प्रश्न आम्हांला अलीकडे कोणी विचारलेला नाही.

मग येतो निदानाचा भाग. चित्रे कमी पडत आहेत, पण अडसर कुठे आहे? प्रोसेसरपाशी, ग्राफिक्स कार्डापाशी, रॅमपाशी, की डिस्कपाशी? यासाठी एक साधी कसोटी आहे. पडद्याचे रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणायचे. ठिपक्यांची संख्या २० लाख ७३ हजार ६०० वरून ९ लाख २१ हजार ६०० वर येते, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. चित्रे वाढली तर अडसर कार्डापाशी होता. वाढली नाहीत तर तो बहुधा प्रोसेसरपाशी किंवा रॅमपाशी आहे, आणि नवे कार्ड घेऊन काहीही साधणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलण्याआधी मोजायचे, बदलल्यावर पुन्हा त्याच प्रसंगात, त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर मोजायचे. पाठचिकित्सेचा अभ्यास करणाऱ्यांनी सांगावे की यात आणि त्यांच्या शिस्तीत मूलभूत फरक काय आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रॅमची एक पट्टी असेल तिथे जोडीच्या दोन लावल्या की रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधला रस्ता दुपदरी होतो. वेगळे कार्ड नसलेल्या यंत्रात हा फरक विशेष जाणवतो, कारण तिथे चित्र काढणाऱ्या भागालाही तीच रॅम वापरावी लागते. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की खेळ उघडायला लागणारा वेळ खूप कमी होतो, सेकंदाची चित्रे मात्र फारशी वाढत नाहीत. दुकानात हा भेद क्वचितच सांगितला जातो. आणि १४४ हर्ट्‌झचा पडदा आणून विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवणारे लोक, तेही सुशिक्षित, आमच्या पाहण्यात आहेत.

समुद्राचा भाग मात्र थोडक्यात उरकता येणार नाही, कारण तो कोणत्याही परक्या मार्गदर्शिकेत नसतो. मिठाचा एक गुण आहे : हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळू लागते. पावसाळ्यात कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरातील मिठाची बरणी हे सिद्ध करते. खाऱ्या वाऱ्याबरोबर पेटीत शिरणारी धूळ कोरडी राहत नाही. ती ओलसर होते आणि प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये लिंपल्यासारखी बसते. वारा फिरत नाही. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. खेळ सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे ठीक आणि मग रडगाणे, हे त्याचे लक्षण. आमच्याकडची मुले याला ‘मशीन धापा टाकतं’ म्हणतात. निदान म्हणून हा शब्दप्रयोग निर्दोष आहे : श्वास कोंडला आहे, म्हणून गती उतरली आहे.

उपचारही त्यांना ठाऊक असतो. वायर भिंतीतून काढायची, फुंकणीने किंवा ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे म्हणजे ते वेडेवाकडे फिरणार नाही, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलकेच घासायचे. पावसाळ्यात पेटी आठवडाभर बंद ठेवायची नाही. रोज थोडा वेळ चालवायची, म्हणजे आतली ऊब ओल धरू देत नाही. पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तपासायचे, दोन पिनांच्या प्लगवर ढकलगाडी चालवायची नाही. यातले बरेचसे ज्ञान सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्यांत वाढलेल्या मुलांनी एकमेकांना तोंडी दिलेले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या दमट अंधारात पडून राहिलेल्या पेट्या वीज आल्यावर आधी उघडायच्या, पुसायच्या, वाळवायच्या आणि मगच बटण दाबायचे, ही अक्कल ज्यांना होती त्यांच्या घरी त्या वर्षीचे ऑनलाइन वर्ग त्याच ‘खेळाच्या’ संगणकावर झाले.

आता जाहिरातीच्या गद्याकडे वळू. ‘एका क्लिकमध्ये दुप्पट वेग’ देणारे बूस्टर, रॅम मोकळी करणारे क्लीनर, रजिस्ट्री झाडणारे झाडू. रॅम ‘मोकळी’ करणारा प्रोग्रॅम बऱ्याचदा एवढेच करतो, की रॅममधला मजकूर बळजबरीने डिस्कवर ढकलतो. पुढच्याच क्षणी खेळाला तो लागला की तो पुन्हा आणावा लागतो, आणि ज्या अडखळण्यावर औषध घेतले तेच वाढते. मोकळी रॅम ही शोभेची वस्तू आहे. वापरलेली रॅम कामाची. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलेले आहे. एसएसडीला जुन्या डिस्कप्रमाणे डीफ्रॅग करणाऱ्याला वेग मिळत नाही, फक्त लिहिण्याची झीज मिळते. आणि कोणा अज्ञात इसमाने ‘हलकी’ करून वाटलेली विंडोज बसवणे म्हणजे कुलूप जड होते म्हणून दाराचे कुलूपच काढून टाकणे.

ही थापेबाजी टिकते कशावर? शब्दांच्या दारिद्र्यावर. ‘लॅग’ हा एकच शब्द घ्या. चित्रे कमी पडली तरी लॅग, आणि दूरच्या सर्व्हरकडून उत्तर उशिरा आले तरी लॅग. पहिला दोष पेटीत आहे, दुसरा तारेत. ज्याला हे दोन वेगळे सांगता येत नाहीत तो तारेच्या दोषासाठी पेटी बदलतो. रेवदंड्याच्या बाजूच्या एका घरात असेच झाले. दुकानदाराने नवे कार्ड विकले, वडिलांनी बागेच्या पैशांतून ते घेतले, आणि खेळ होता तिथेच राहिला, कारण सेकंदाला चित्रे भरपूर होती, फक्त इंटरनेटचे पॅकेट वाटेत गळत होते. त्या मुलाच्या मित्रांनी नंतर दोन शब्द वेगळे केले : ‘फ्रेम पडतात’ आणि ‘नेट अडकतं’. दोन दोषांना दोन नावे देणे ही समीक्षेची पहिली पायरी, असे आपण प्रथम वर्षाला शिकवतो. ती पायरी इथे आपल्या मदतीशिवाय चढली गेली.

इथे आमचे शुद्धतावादी मित्र म्हणतील, ‘फ्रेम’ कशाला, ‘चौकट’ म्हणा. ‘रॅम’ कशाला, ‘यादृच्छिक प्रवेश स्मृती’ म्हणा. त्यांना आम्ही रायगडावरचाच दाखला देतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, त्यात दहा वर्ग होते. राजवर्गाबरोबर शस्त्रवर्ग होता, दुर्गवर्ग होता, भोग्यवर्ग होता, बाजाराचा पण्यवर्ग होता. कोशकाराला दारूगोळा, खानपान आणि बाजार हलके वाटले नाहीत, हे त्या ग्रंथाचे मोठेपण आपण विसरतो आणि फक्त फारसी शब्द काढल्याचे तेवढे लक्षात ठेवतो. बरे, ते तरी सारे निघाले का? किल्ला, फौज, कागद अजून जागच्या जागी आहेत. चौल-रेवदंड्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर परक्या शब्दांचे भय बाळगू नये. चावी आणि पगार पोर्तुगीजांबरोबर आले आणि इथलेच झाले. शब्द बाहेरून आला म्हणून बिघडत नाही. वाक्य आपल्याला रचता येत नाही, म्हणून बिघडते. ‘रॅमची एकच पट्टी असल्याने चित्र काढणारा भाग उपाशी राहतो’ हे मराठी वाक्य आहे, त्यात रॅम असूनही.

अशी वाक्ये रचण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणेल तर त्याने अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेपर्यंत चालत जावे. ही वेधशाळा मूळ मुंबईतल्या कुलाब्याची. (अलिबागलाही कुलाबा आहे, समुद्रातला किल्ला, आणि आमच्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते, तेव्हा गोंधळ होणाऱ्यांना दोष नाही.) मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती नोंदणी अलिबागला हलवली गेली. लक्षात घ्यावे असे पुढे आहे : १९०४ ते १९०६ या काळात मुंबई आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जागा बदलल्याने काय बदलले हे कळावे, आणि मगच मुंबईतले काम थांबले. १९०७ साली ट्राम धावली. आधी मोजा, बदला, पुन्हा मोजा. आमचा मागच्या बाकावरचा मुलगा जुन्या आणि नव्या सेटिंगचे दोन आलेख शेजारी ठेवतो तेव्हा तो गावातल्याच एका इमारतीची पद्धत पाळत असतो.

आणि त्या मूळच्या कुलाबा वेधशाळेचा कारभार काही काळ कोणाकडे होता? बाळशास्त्री जांभेकरांकडे. ज्यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले, १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी प्रथम छापून प्रसिद्ध केली, त्याच माणसाकडे. ओवी आणि उपकरण यांच्यामध्ये भिंत असावी असे त्यांना वाटले नाही. ती भिंत नंतरच्या विभागांनी, अभ्यासमंडळांनी आणि पदनामांनी बांधली. १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ही एका कारखान्याचे, नांगर-यंत्रे घेणाऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचणारे पत्र होते, त्यातून मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. यंत्राविषयी बोलता बोलता कथा-निबंधांना जागा झाली. आज साहित्यात यंत्राला जागा मागितली की भुवया वर जातात.

‘उपयोजित मराठी’ आहे की, असे उत्तर येईल. आहे. तीत जाहिरातलेखन असते, सूत्रसंचालन असते, बातमी कशी लिहावी हे असते. म्हणजे बूस्टरची जाहिरात लिहायला आपण शिकवतो. तो बूस्टर खरा की खोटा हे तपासून चार परिच्छेदांत सांगायला शिकवत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे खाल्ले. पण आमच्या विद्यार्थ्याला पंख्याची जाळी कशी साफ करावी हे शिकायचे असते तेव्हा तो हिंदी व्हिडिओ लावतो, आणि त्याला स्वतःला ते दुसऱ्याला लिहून सांगायचे असते तेव्हा तो मोडक्या इंग्रजीत लिहितो. मराठी त्याला येत नाही म्हणून नव्हे. मराठीत असले काही लिहायचे असते, असे त्याला कोणी सांगितलेलेच नाही म्हणून. त्याच्या मनाने भाषेची वाटणी केली आहे : मराठी परीक्षेसाठी, आणि जे खरोखर येते त्यासाठी दुसरे काही तरी.

हा प्रश्न आताच निकडीचा होण्याला कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला, आणि वर वर्णिलेल्या पेट्यांतल्या बऱ्याच विंडोज ११साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव चढले. ‘नवीन घ्या’ हा सल्ला कधी नव्हे इतका महाग झाला आहे. अशा वेळी कोणती पेटी लिनक्सवर चालेल, कोणत्या खेळांवर त्यामुळे पाणी सोडावे लागेल, कोणती पेटी खरोखरच संपली, हे विवेकाने सांगणारे लेखन हवे आहे. ते लिहिण्याइतके ज्ञान आमच्या वर्गांत आहे. त्या ज्ञानाला वाक्यरचना, क्रम, पुरावा आणि शंका घेण्याची सवय देणे हे मराठीच्या शिक्षकाचे काम, आणि तेच करायला तो तयार नाही.

म्हणून आमची मागणी अगदी लहान आहे. अंतर्गत मूल्यमापनात, इच्छा असेल त्या विद्यार्थ्याला, ‘ललितलेखाचा रसग्रहणात्मक परिचय’ याऐवजी एक अहवाल लिहू द्यावा : यंत्र कोणते, तक्रार काय, अडसर कुठे आहे असे वाटले आणि का वाटले, काय बदलले, आधीचे व नंतरचे मोजमाप काय, आणि अंदाज कुठे फसला. चार-पाच पाने, मराठीत. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यावर विचारले, ‘अहो, पण त्याला गुण कशाच्या आधारे द्यायचे? आम्हांला त्यातले काय कळते?’ उत्तर असे, की विद्यार्थ्याने ते तुम्हांला कळेल असे लिहिले आहे का, यावरच द्यायचे. आणि कळले नाही तर त्याला बोलावून विचारायचे. तो पेचकस घेऊन येईल.